अजिंठ्याच्या भिंतीवरचे कपडे आणि भानू अथैया

अजिंठ्याची लेणी कोणत्या तालुक्यात आहेत, हा प्रश्न मी आजवर बऱ्याच जणांना विचारलाय. उत्तर ठरलेलं असतं. अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात, म्हणजे लेणीही सिल्लोडलाच. काही जण तर थेट जळगाव जिल्हा सांगून मोकळे होतात, कारण ते जळगाव स्टेशनला उतरून आलेले असतात. प्रत्यक्षात लेणी आहेत आमच्या सोयगाव तालुक्यात, लेणापूरच्या शिवारात. अजिंठा गाव घाटाच्या वर आणि लेणी खाली, वाघूर नदीच्या वळणावर. पर्यटक फर्दापूरच्या ज्या टी पॉइंटवर आपली गाडी सोडून बसमध्ये बसतात, तेही आमच्याच तालुक्यात. जागा एकाची आणि नाव दुसऱ्याचं, असं आमच्या सोयगावचं झालंय. :)

पण आज तालुक्याचं गाऱ्हाणं मांडायला बसलो नाहीये. नावाचाच विषय आहे, पण वेगळा. एक कोल्हापूरची चित्रकार बाई साठच्या दशकात या लेण्यांमध्ये आली, भिंतींवरच्या माणसांचे कपडे निरखून बघितले, आणि ते हिंदी सिनेमाच्या पडद्यावर नेले. पुढे हेच कपडे इतके सगळीकडे झाले, की ते कुणी पहिल्यांदा आणले हे कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. त्या बाई म्हणजे भानू अथैया. भारताला पहिलं ऑस्कर मिळवून देणाऱ्या. एवढं एक वाक्य सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असतं. बाकीचं आयुष्य त्या वाक्याच्या मागे राहून गेलंय.

आधी 'आम्रपाली'बद्दल सांगतो. १९६६ सालचा हा चित्रपट. दिग्दर्शक लेख टंडन, संगीत शंकर-जयकिशन यांचं. वैजयंतीमाला झाली होती वैशालीची नगरवधू आम्रपाली, आणि सुनील दत्त मगधाचा राजा अजातशत्रू. ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या स्पर्धेसाठी त्या वर्षी भारताकडून हाच पाठवला गेला, पण नामांकन मिळालं नाही. तिकीटबारीवरही तो पडला. मी तो पहिल्यांदा पाहिला दूरदर्शनवर, आमच्या आळीतल्या एकुलत्या एका टीव्हीवर, दहा-पंधरा माणसांच्या खांद्यांमधून. गोष्ट फारशी कळली नाही. पण एक लक्षात राहिलं. पडद्यावरच्या बाईचा केसांचा बांधा, कमरेवरचं वस्त्र, दंडातले अलंकार हे सगळं ओळखीचं वाटत होतं. शाळेच्या सहलीत गुरुजींनी टॉर्च मारून भिंतीवर जे दाखवलं होतं, ते इथे चालत-बोलत होतं.

हे साम्य योगायोगाने आलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा वाचनातून समजलं. या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी भानुताई मुद्दाम अजिंठ्याला आल्या होत्या आणि लेण्यांमधली चित्रं त्यांनी अभ्यासली होती.

याचं महत्त्व कळायला त्याआधीचे पौराणिक आणि ऐतिहासिक सिनेमे आठवावे लागतील. आपल्याकडे देव, राजे, राण्या कसे दिसतात हे बहुतेक ठरवलं राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांनी आणि नाटक कंपन्यांच्या ड्रेपरीने. दादासाहेब फाळके यांनी सिनेमाकडे वळण्याआधी छपाईचा व्यवसाय केला होता, आणि रविवर्मा प्रेससाठीही काम केलं होतं. त्यामुळे १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पासून हेच रूप पडद्यावर आलं तर नवल नाही. मखमली अंगरखा, जरीचा शेला, पुठ्ठ्याचा मुकुट. काळ त्रेतायुग असो की मौर्यांचा, ड्रेपरीवाल्याकडे पेटी एकच! गंमत म्हणजे हेच फाळके काही काळ पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणूनही होते. म्हणजे जुनी शिल्पं-चित्रं आणि सिनेमा यांची गाठ अगदी मुळातच पडलेली होती. पण भिंतीवरचं वस्त्र नीट बघून ते नटाच्या अंगावर बेतायचं हे काम व्हायला बराच काळ जावा लागला.

भिंतीवर काय आहे, ते ज्यांनी लेणी घाईत पाहिलीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रंगीत चित्रं मुख्यतः पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यात बघायची. ही वाकाटकांच्या काळातली, इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. राजा-राणी, दास-दासी, भिक्षू, व्यापारी, नर्तकी असे सगळे त्यात आहेत, आणि प्रत्येकाचं नेसणं वेगळं. राजघराण्यातल्यांच्या अंगावर कापड कमी आणि दागिने जास्त. पट्ट्यापट्ट्यांचं, बारीक नक्षीचं अंतरीय कमरेला घट्ट बांधलेलं. शिवलेले कपडे तेव्हा नव्हतेच असं आपण समजतो, पण पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रातली नर्तकी लांब बाह्यांचा अंगाबरोबर बसणारा कपडा घालून नाचते आहे. त्याच लेण्याच्या छतावर टोप्या आणि मोजे घातलेले परदेशी लोक आहेत. सतराव्या लेण्यातल्या अप्सरेच्या गळ्यातले हार एका बाजूला झुकलेत, त्यावरून ती वेगाने हवेतून जाते आहे हे कळतं. म्हणजे त्या चित्रकारांना अंगावरच्या वस्तूचं वजनही दाखवता येत होतं आणि हालचालही. वेशभूषा करणाऱ्या माणसासाठी ही उघडी शाळाच म्हणायची.

आता कुणी इतिहासाचा जाणकार म्हणेल, की अहो, आम्रपाली आणि अजातशत्रू बुद्धाच्या काळातले, आणि ही चित्रं त्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी काढलेली. मग अजिंठ्याचे कपडे आम्रपालीच्या अंगावर कसे चालतील? प्रश्न बरोबर आहे. पण अजिंठ्याच्या चित्रकारांनीही तेच केलंय ना! बुद्धाच्या आणि त्याच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी सांगताना त्यांनी माणसं रंगवली ती आपल्या आजूबाजूची, आपल्या काळच्या कपड्यांतली. भानुताईंनी तीच परंपरा पुढे चालवली असं मला वाटतं. बुद्धाच्या काळातली रंगीत चित्रं उपलब्ध नाहीत. त्या गोष्टींच्या सगळ्यात जवळ जाणारं जे डोळ्यांनी बघता येतं, ते त्यांनी घेतलं. पुढे झालं असं, की 'आम्रपाली' पडला पण त्यातले कपडे टिकले. प्राचीन भारत म्हटलं की हाच पोशाख, असा साचा तयार झाला. सिनेमात, मालिकांत, नृत्याच्या कार्यक्रमांत. आमच्याकडे शाळेच्या गॅदरिंगला अप्सरांचा नाच असायचा, त्याची ड्रेपरी भाड्याने जळगावहून यायची. लेणी आमच्या तालुक्यात, त्यावरून बेतलेला पोशाख मुंबईत, आणि त्याची स्वस्त नक्कल जळगावमार्गे पुन्हा आमच्याकडे! आमच्यापैकी कुणालाही हा प्रवास ठाऊक नव्हता.

आता या बाई कोण, कुठल्या. भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये हे माहेरचं नाव. जन्म कोल्हापूरचा, २८ एप्रिल १९२९. तारखेकडे जरा लक्ष द्या. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या लेण्यांत आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली ती २८ एप्रिल १८१९. बरोबर एकशे दहा वर्षांचं अंतर. माझा अशा जुळण्यांवर विश्वास नाही, पण सापडली की आनंद होतो खरा.

१९२९ चं कोल्हापूर म्हणजे मराठी सिनेमाचं माहेरघर. भानुताईंच्या जन्मानंतर साधारण महिनाभराने, १ जून १९२९ ला, तिथे प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम ही मंडळी बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेली. बाबूराव मुळात चित्रकार, स्वतः कॅमेरा बनवणारे, आणि १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढून गरीब शेतकऱ्याला तशाच कपड्यांत, तशाच झोपडीत पडद्यावर आणणारे. भानुताईंचे वडील अण्णासाहेबही चित्रकार. त्यांनी बाबूराव पेंटरांच्या काही चित्रपटांसाठी काम केलं होतं. भानुताई लहान असतानाच ते गेले. पण रंगांची, कागदांची आणि सिनेमाची सवय घरातूनच मिळालेली होती.

पुढे मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १९५१ साली तिथलं उषा देशमुख सुवर्णपदक त्यांना मिळालं. हुसेन, रझा, सूझा ही नावं ज्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमुळे आपल्याला ठाऊक आहेत, त्या ग्रुपच्या १९५३ च्या प्रदर्शनात भानुताईंची चित्रं होती. त्याच वाटेने गेल्या असत्या तर आज त्यांचं नाव वेगळ्या यादीत दिसलं असतं. पण पोटापाण्यासाठी त्या बायकांच्या इंग्रजी मासिकांत फॅशनची रेखाटनं करत होत्या. 'ईव्ह्ज वीकली'च्या संपादिकेने कपड्यांचं दुकान काढलं आणि त्यांना म्हटलं, तू नुसती कागदावर काढतेस ते कापडात करून बघ. तिथे सिनेमातल्या नट्या येऊ लागल्या. कामिनी कौशल, नर्गिस. मग गुरुदत्तचा १९५६ चा 'सी.आय.डी.', आणि तिथून पुढे पन्नास वर्षांहून जास्त काळ आणि शंभराहून अधिक चित्रपट.

यादी देत बसत नाही, पण काही नावं घेतो म्हणजे तुम्हालाच कपडे डोळ्यांसमोर येतील. 'प्यासा', 'साहिब बीबी और गुलाम', 'वक्त', 'गाइड', 'तीसरी मंज़िल'. 'ब्रह्मचारी'मध्ये मुमताजची ती केशरी साडी, जी खरं तर नेसलेली नाही, शिवून तयार केलेली, जेणेकरून नाचताना सुटू नये. 'सत्यम शिवम सुंदरम', 'कर्ज', 'चांदनी', 'लेकिन', 'लगान', 'स्वदेस'. २०१५ चा मराठी 'नागरिक' सुद्धा. एका बाजूला 'साहिब बीबी'मधली जुन्या बंगाली हवेलीतली छोटी बहू, दुसऱ्या बाजूला 'तीसरी मंज़िल'चा क्लब, आणि हे दोन्ही एकाच हातचं. नट बदलला, दिग्दर्शक बदलला, आपण त्यांची नावं लक्षात ठेवली. कपड्यांमागे एकच माणूस आहे हे कधी डोक्यातही आलं नाही.

माझ्या मते त्यांच्या कामातली सगळ्यात बघण्यासारखी जोडी म्हणजे 'गांधी' आणि 'लगान'. 'गांधी'ची गोष्ट सुरू होते १८९३ साली, दक्षिण आफ्रिकेतल्या रेल्वेच्या डब्यातून. 'लगान'ही घडतो १८९३ सालीच, चंपानेर नावाच्या काल्पनिक गावात. साल एकच, बाई एकच. एकीकडे सुटाबुटातला तरुण बॅरिस्टर, जो पुढे एकेक कपडा उतरवत पंच्यावर येणार आहे. दुसरीकडे मळकट धोतरातले शेतकरी, ज्यांच्याकडे उतरवायला फारसं काही नाहीच. 'गांधी'मध्ये १८९३ ते १९४८ अशी पंचावन्न वर्षं आहेत आणि अंत्ययात्रेच्या एका प्रसंगात तीन लाखांवर माणसं. सूट, पगडी, खादी, पोलिसांचे गणवेश, बायकांची लुगडी, हे सगळं वर्षागणिक बदलत जातं, पण आपलं तिकडे लक्ष जात नाही. आणि लक्ष गेलं नाही म्हणजेच काम चोख झालं. या धंद्याचं दुर्दैव असं आहे की कपडे नजरेत भरले तर नटीचं कौतुक, आणि नाही भरले तर कुणाचंच नाही.

११ एप्रिल १९८३ ला लॉस एंजलिसमध्ये भानुताईंना ऑस्कर मिळालं, इंग्लंडचे जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून. मोलो हे लष्करी गणवेशांचे जाणकार, आणि त्याआधी 'स्टार वॉर्स'साठी हेच बक्षीस मिळवलेले. 'गांधी'ला एकूण आठ ऑस्कर मिळाली. आता गंमत बघा. त्या वेळी आपल्याकडच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत वेशभूषेसाठी वेगळं बक्षीसच नव्हतं. ते सुरू झालं १९८४ च्या चित्रपटांपासून. म्हणजे अमेरिकेने आपल्या बाईला दिलं, आणि मग आपल्याला सुचलं की असंही एक काम असतं! पुढे 'लेकिन' आणि 'लगान'साठी भानुताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्याच १९८३ साली अजिंठ्याची लेणीही युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. भिंत आणि तिची विद्यार्थिनी, दोघींना जगाने एकाच वर्षी मान दिला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

२०१२ साली भानुताईंनी आपलं ऑस्कर अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवलं. निषेध वगैरे काही नव्हता. वय झालेलं, तब्येत बरी नाही, आणि आपल्यामागे ही बाहुली नीट सांभाळली जाईल असं इथलं ठिकाण त्यांना दिसेना. भारतातल्या संग्रहालयांतून बक्षिसं नाहीशी झालीत, ही त्यांची काळजी होती. आणि ती काही उगाच नव्हती. २००४ साली शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक चोरीला गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी, ८ जानेवारी २००३ ला, पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून चित्रपटांचा मोठा ठेवा जळाला. बाबूरावांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश'ची एकही प्रिंट आज नाही. ज्या कोल्हापुरात आपण वाढलो तिथल्या कामाची ही गत पाहिलेल्या बाईने स्वतःच्या बाहुलीबद्दल असा निर्णय घेतला, तर तिला काय बोलणार? १५ ऑक्टोबर २०२० ला मुंबईत त्या गेल्या. ऑस्कर तिकडे सुरक्षित आहे.

आपल्याकडे नाही टिकणार, तिकडे टिकेल. हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. पण मी पडलो लेण्यांच्या गावचा, आणि लेण्यांच्या इतिहासात या वाक्याला एक वाईट जोड आहे. ती सांगतो.

१८४४ मध्ये मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आला. त्याची आणि पारोची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये त्यावर 'अजिंठा' हा चित्रपटही काढला. पण गिलच्या चित्रांचं काय झालं ते कमी लोकांना ठाऊक असतं. अनेक वर्षं खपून त्याने मोठमोठी तैलचित्रं केली. ती लंडनला पाठवली गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली, आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागून त्यातली बहुतेक जळून गेली. मग १८७२ पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. पेस्तनजी बोमनजी वगैरे मुंबईची मुलं या अंधारात बसून वर्षानुवर्षं चित्रं उतरवत होती. ती चित्रंही लंडनला गेली, आणि १८८५ मध्ये तिथल्याही आगीत शंभराहून जास्त नष्ट झाली. इकडे आमच्या डोंगरात, वटवाघळं, पाणी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नखं सोसून मूळ चित्रं मात्र उभीच!

म्हणजे इथे ठेवा किंवा तिकडे पाठवा, आग दोन्हीकडे लागते. मग टिकलं काय? ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये या नकलांचं दोन खंडी पुस्तक छापलं. ते टिकलं. गिलने कॅमेऱ्याने काढलेली लेण्यांची छायाचित्रं पुस्तकात छापली गेली. ती टिकली. ज्याची नोंद झाली, ज्याच्या प्रती निघाल्या, ते हाती उरलं. आणि जे. जे. मध्ये अजिंठ्याकडे बघायची जी सवय ग्रिफिथ्सच्या त्या विद्यार्थ्यांपासून लागली, ती पुढेही राहिली. भानुताई त्याच शाळेतून शिकल्या आणि त्याच भिंतीपाशी आल्या. वस्तू जळली तरी विद्या हातातून हातात गेली.

भानुताईंनीही हे ओळखलं होतं असं दिसतं. ऑस्कर परत करण्याआधी दोन वर्षं, २०१० मध्ये, त्यांनी आपल्या कामावर एक मोठं सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलं. रेखाटनं, छायाचित्रं, कुठल्या पात्राला कुठला कपडा आणि का. बाहुली कुठे ठेवायची याचा विचार त्यांनी नंतर केला. आधी काम नोंदवून ठेवलं. हा क्रम मला फार शिकण्यासारखा वाटतो.

अजिंठ्याच्या चित्रकारांना ही संधी मिळाली नाही. सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे. त्यात हे लेणं करवून घेणाऱ्याचं नाव आहे, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव. म्हणजे सिनेमाच्या भाषेत निर्मात्याचं नाव भिंतीवर कोरलेलं आहे. चित्रं ज्यांनी काढली त्यांचं एकही नाव आपल्यापर्यंत पोचलं नाही. दीड हजार वर्षांत श्रेयनामावलीची पद्धत फारशी बदललेली नाही म्हणायची!

हे सगळं आत्ताच का लिहितोय, ते आपल्या घरातल्या वाचकांना कळलं असेलच. इतरांसाठी सांगतो. सोयगावच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. आजोबांच्या वेळी गावात गणपतीत नाटकं व्हायची, तिची ड्रेपरी. दोन मखमली अंगरखे, खोट्या जरीचा शेला, मणी गळालेला टोप, एक लाकडी तलवार आणि एक हिरवं लुगडं, जे नेसून आमचे एक काका नायिका व्हायचे. आता घर उतरवायचं ठरलंय. पेटीचं काय करायचं यावर गेले दोन महिने भावंडांत फोनवर चर्चा चालू आहे. पुण्याची बहीण म्हणते संग्रहालयाला देऊन टाकू. अमेरिकेतला भाऊ म्हणतो माझ्याकडे पाठवा, इथे दमट हवा नाही, वाळवी नाही, शंभर वर्षं राहील. धाकटा म्हणतो कुजलेल्या चिंध्यांवरून कसला वाद घालता!

माझं मत विचाराल तर पेटी कुणीही न्या. त्यात मला भांडायचं नाही. पण न्यायच्या आधी एक काम करू. प्रत्येक कपडा अंगणात नीट पसरून त्याचे फोटो काढू, पुढून, मागून, आतल्या शिवणीचेही. आणि आत्याला शेजारी बसवू. तिचं वय आता नव्वदीला टेकलंय, आणि कुठला अंगरखा कुणाचा, लुगडं कुठून आणलं, टोपाचे मणी कुणी ओवले, हे तिच्याशिवाय सांगणारं आता कुणी नाही. हे अंगरखे गावातल्या एका शिंप्याने शिवले होते एवढं मला ऐकून माहीत आहे. नाटकांची नावं आणि राजा कोण झालं होतं हे घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. शिंप्याचं नाव मी चार जणांना विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. आत्याला नक्की आठवत असेल. फोनवर तिला ऐकू येत नाही, समोर बसूनच विचारावं लागेल.

तेव्हा घरच्या मंडळींनो, दिवाळीला जे येणार आहेत त्यांनी कॅमेरा आणि एक वही घेऊन या. आणि बाकीच्या वाचकांच्या घरी, गावी असं काही असेल, नाटक मंडळींची पेटी, टुरिंग टॉकीजचं सामान, कुणी रंगवलेले पडदे, तर मला जरूर कळवा. वस्तू कुठे आहे हे सांगितलं नाहीत तरी चालेल. ती कुणी केली, ते नाव तेवढं लिहा.

बरंच लांबलं. असो.